पाहुण्याला ताटकळत ठेवायचं नाही

६ जानेवारी

टाइल्सच्या कंपनीकडून दरवर्षी एक डायरी फुकट येते आणि दरवर्षी बायको ती किराण्याच्या याद्यांना पळवते. या वर्षी मी दिली नाही. यंदा हिच्यात लिहिण्यासारखं काहीतरी घडणार, असं मनात होतंच.

आज घडलं. दुकानात एका जोडप्याला बाथरूमची फरशी दाखवत होतो. नवऱ्याला पांढरी हवी होती, बायकोला राखाडी, आणि दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते. तेवढ्यात राजधानीतून फोन. राज्य गौरव समारंभ कक्षातल्या बाई बोलत होत्या. अप्पांना यंदाचा राज्य गौरव जाहीर झाला आहे. वीस मार्चला समारंभ. राज्यप्रमुखांच्या हस्ते पदक, सगळ्यांसमोर. मी जोडप्याला म्हटलं, राखाडीच घ्या, आणि शटर ओढून घरी आलो.

अप्पा गच्चीत जुना रेडिओ उघडून बसले होते. मी सांगितलं. ते म्हणाले, "कुणाला? आम्हा चौघांना?"

"नाही अप्पा, तुम्हाला. एकट्याला."

"मग बाकीच्या तिघांनी काय माशा मारल्या?" एवढं बोलून त्यांनी पुन्हा स्क्रू पिळायला घेतला. आनंद झाला तरी तो तोंडावर दिसू द्यायचा नाही, हा त्यांचा स्वभावच आहे.

पुढेमागे कुणी वाचलं तर कळावं म्हणून लिहून ठेवतो. अप्पांनी नोकरी केली वीजमीटर दुरुस्तीची. पण गाव त्यांना ओळखतं ते बेवारस प्रेतांमुळे. शवागारात ज्याला न्यायला कुणी येत नाही, त्याला अप्पा नेतात. बरोबर तिघं: पेटी करणारे सुतारकाका, अंगाला शेवटची आंघोळ घालणाऱ्या लॉन्ड्रीवाल्या मावशी, आणि ट्रकवाला. मी शाळेत जाण्याआधीपासून हे चालू आहे. शाळेत मला "मढ्या" म्हणायचे. डब्यातलं कुणी घ्यायचं नाही. तीच पोरं आता मोठी होऊन माझ्या दुकानात येतात, आणि माझ्याच फरशा घासाघीस करून नेतात. येऊ देत आता. गौरवासाठी अर्ज मीच भरला होता.

१५ जानेवारी

सरकारी फिल्मवाले आले होते. समारंभात प्रत्येकाची दोन मिनिटांची फिल्म दाखवतात. अप्पांना मी नवा शर्ट घालायला लावला, तर ते वरून जुनाच कोट चढवून आले.

रिकाम्या पेटीवर चौघांनी काम करून दाखवलं. दिग्दर्शक पोरगी म्हणाली, "आजोबा, थोडं बोला ना काम करताना. नुसतं शांत शांत वाटतंय."

अप्पा म्हणाले, "आम्ही बोलत नाही. जिवंतपणी तो कधीतरी कुणाचा लाडका होता. त्याच्यासमोर 'उचल', 'धर', 'टाक' असं पोत्यासारखं बोलायचं नसतं."

मग खूण दाखवली. पेटीच्या फळीवर बोटांनी एकदा टक्, म्हणजे उचला. दोनदा टक् टक्, म्हणजे ठेवा. एवढ्यावर सगळं चालतं. प्रेताला ते "पाहुणा" म्हणतात, हे मला माहीत होतं. त्या पोरीने विचारलं, तुमचा नियम काय? अप्पा म्हणाले, "एकच. पाहुण्याला ताटकळत ठेवायचं नाही. त्याने आयुष्यभर वाट बघितली. कागद झाले की त्याच दिवशी निरोप."

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला हळूच सांगितलं, मुलगा म्हणून माझीही दोन वाक्यं घ्या. घेतली.

फिल्मवाले गेल्यावर जेवताना अप्पा सुपाची वाटी बाजूला सारून म्हणाले, "माझी वेळ आली की मला नळ्याबिळ्या लावू नका हं. माझंही त्याच दिवशी." मी म्हटलं, आधी पदक तर घ्या. बायको तेवढी हसली नाही.

३ फेब्रुवारी

काल अप्पा गच्चीत पडले. डोक्यात रक्तस्राव. वाचा गेली, डावं अंग गेलं. श्वास नीट येत नव्हता म्हणून मशीन लावलं. डॉक्टरांनी कागद पुढे केला आणि मी सही केली. काहीही म्हणा, माझा बाप आहे तो.

ताई तिच्या गावाहून आली ती चप्पल न काढताच भांडायला लागली. "अप्पांनी सांगितलं होतं ना नळ्या नकोत म्हणून? मला फोनवरही सांगितलं होतं." मी म्हटलं, जेवताना माणूस शंभर गोष्टी बोलतो. ती म्हणाली, "अप्पा शंभर बोलत नाहीत."

ताईला पहिल्यापासून वाटतं की अप्पा फक्त तिलाच कळतात.

९ फेब्रुवारी

डॉक्टरांनी खोलीत बसवून घेतलं. चांगला माणूस आहे, पण गुळमुळीत बोलतो. सार एवढंच, की अप्पा आता पूर्वीसारखे होणार नाहीत. मशीन काढलं तर एखाद-दोन दिवसांत शांतपणे जातील, त्रास होऊ देणार नाही. ठेवलं तर गळ्याला छिद्र करून नळी घालावी लागेल. मग किती काळ, ते सांगता येत नाही. "त्यांना बरंच समजतंय," असंही म्हणाले. "म्हणून ते अवघड आहे."

मला त्यांचं म्हणणं नीट कळलं नाही. समजतंय हे तर चांगलंच की.

बाहेर येऊन कक्षातल्या बाईंना फोन केला. म्हटलं, वडील आजारी आहेत, पदक घ्यायला मी आलो तर चालेल? म्हणाल्या, आजारी असले तर चालेल, पण समारंभाच्या दिवशी व्यक्ती हयात असावी लागते. नसली तर नाव वगळतात. नियम आहे.

मी तिथेच जिन्यावर बसलो.

बाई समजूतदार निघाल्या. म्हणाल्या, "तुम्ही व्यक्ती म्हणून अर्ज भरलाय. पण काम तर गटाचं दिसतंय. तुमची एक सही पाठवा, मी गटाच्या नावावर करून घेते. गटाला हयातीचा नियम नाही. मग तुमच्या मनावर काही दडपण राहणार नाही."

विचार करून सांगतो म्हटलं.

१० फेब्रुवारी

विचार केला. गटाच्या नावावर म्हणजे सुतार, लॉन्ड्रीवाली, ट्रकवाला आणि यांच्यात कुठेतरी अप्पा. पदकही गटाचं. ते ठेवायचं कुणाच्या घरी? सुतारकाकांच्या भुशात? चाळीस वर्षं लोकांनी नाकं मुरडली ती या घराला. डबा माझा परत आला होता, ट्रकवाल्याच्या पोराचा नाही.

मार्च काही फार लांब नाही. बाईंना कळवलं, आहे तसंच राहू द्या. डॉक्टरांना कळवलं, नळी घाला.

बायको ऐकत होती. तिने विचारलं, "हे त्यांच्यासाठी करताय ना?" म्हटलं, मग कुणासाठी? ती डबा घासायला निघून गेली. डबा आधीच घासलेला होता.

१८ फेब्रुवारी

अप्पा शुद्धीवर आहेत. गळ्यात नळी असल्यामुळे आवाज नाही, पण डोळे सगळीकडे फिरतात. उजवा हात चालतो. त्या हाताने पलंगाच्या कठड्यावर सारखं वाजवत असतात. टक् टक्. थांबतात, माझ्याकडे बघतात, पुन्हा टक् टक्.

सिस्टरला वाटलं तहान. ओठ ओले केले, तरी तेच. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रेडिओ! तो डबा असाच दोन टपल्या मारल्याशिवाय बोलत नाही. घरून घेऊन आलो, उशाशी लावला. अप्पांनी डोळे मिटून घेतले. कडेने पाणी आलं. एवढी साधी गोष्ट कुणाला सुचली नव्हती.

२१ फेब्रुवारी

रेडिओ चालू असतानाही टक् टक् चालूच. शेजारच्या पेशंटची सून तक्रार करते. आज तर त्यांनी गळ्यातली नळीच धरली. सिस्टर धावली म्हणून बरं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा विचार करा. मी म्हटलं, झाला विचार. मग हाताला मऊ पट्ट्या बांधून तो कठड्याला अडकवला. सिस्टरला ते काम आवडलं नाही, सावकाश सावकाश बांधत होती. शेवटची गाठ मीच मारली. त्यांच्याच हिताचं आहे.

बोटं मात्र मोकळी आहेत. बोटांनी वाजवतात.

२ मार्च

सुतारकाका आले. दाढी केली होती, कोट घातला होता. पलंगाशी उभे राहून त्यांनी अप्पांच्या डोक्यापासून पायांपर्यंत पांघरुणावरून हात फिरवला. पंजा पसरून, उचलून, पुन्हा पसरून, अगदी हळू. मग खांद्यांवरून आडवा. इतक्या वर्षांची दोस्ती, म्हातारा माणूस, हात निघत नव्हता त्यांचा. मलाही भरून आलं.

तेवढ्यात अप्पांनी वाजवलं. टक् टक्. सुतारकाका दचकून माझ्याकडे वळले. "ऐकलंस?"

"रेडिओ मागतात," मी म्हटलं.

"रेडिओ नाही रे ते..."

नेमका तेव्हाच वर्तमानपत्रवाल्याचा फोन आला. बाहेर जाऊन मुलाखत दिली. विचारलं, वडिलांची काय इच्छा? मी सांगितलं, त्यांचा जीव फक्त त्या पदकात अडकला आहे, ते गळ्यात पडलं की सुखाने डोळे मिटतील. आत आलो तर सुतारकाका अप्पांचा हात धरून बसले होते. म्हणाले, "त्या राजधानीच्या बाई म्हणतात ते कर की. आम्हा सगळ्यांच्या नावावर कर. आणि याला मोकळं कर."

म्हणजे बाईंचं म्हणणं यांच्या कानावर गेलं आहे. ताईचं काम. आणि इतक्या वर्षांनी यांनाही वाटा हवासा वाटला! वाईट वाटलं मला. मी म्हटलं, "काका, आता उशीर झाला." खरं तर झालेला नव्हता.

१४ मार्च

आजचा दिवस काळा. माजी राज्यप्रमुख वारले. राज्यात दुखवटा. सगळे समारंभ पुढे ढकलले. आमचा एकदम नऊ एप्रिलला.

टीव्हीवर त्यांचं पार्थिव ठेवलंय दर्शनाला. मोठ्या हॉलमध्ये, फुलांत. परदेशातून नातू यायचाय म्हणून थांबलेत. दवाखान्याच्या टीव्हीसमोर सगळे गर्दी करून उभे. बायको म्हणाली, "अप्पा असते तर म्हणाले असते, पाहुणा ताटकळलाय." मी म्हटलं, अप्पा आहेत. ती म्हणाली, "हो. तेही."

डॉक्टर म्हणतात पाठीला जखमा झाल्यात, मूत्रपिंडं दमली आहेत. एप्रिल गाठायचा तर आणखी दोन यंत्रं लागतील. म्हटलं लावा. आता मागे फिरण्यात काय अर्थ आहे? इतकं सोसलं ते फुकट जाईल.

२७ मार्च

मी फार एकटा पडलोय. ताई बोलत नाही. बायको बोलते ते "मीठ कमी आहे का?" एवढंच. रोज दुपारी ती माझ्याऐवजी दवाखान्यात बसते. गेलो तर दिसतं, अप्पांची बोटं हातात घेऊन बसलेली असते आणि सिस्टर शेजारी उभी. मी गेलो की दोघी गप्प होतात. पाठीच्या जखमा धुताना आज मी आत होतो. पाच मिनिटंही मला थांबवेना. वास माझ्या कपड्यांना येतोय.

अप्पांचे डोळे माझा पाठलाग करतात. मला कधी कधी भीती वाटते त्या डोळ्यांची. पण पदक पाहिलं की ते निवळतील. त्यांना पदकाचं चित्र दाखवलं मोबाइलवर. निळी फीत आहे. त्यांनी मान वळवली, जितकी वळते तितकी. लहान मुलासारखे रुसलेत.

९ एप्रिल

मिळालं.

हॉल केवढा! आमची रंगीत तालीम सकाळी झाली. कुठे थांबायचं, किती वाकायचं, हसायचं कधी. माझ्या शेजारी एक अंध गायिका होती आणि पलीकडे पुरात लोकांना वाचवणारे नावाडी, पंधरावीस जण, एका गटाचे. एकच पदक त्यांच्यात. एक जण घेऊन आला आणि ते सगळ्यांच्या हातांतून फिरलं. फारच गोंगाट करत होते. एक जण तर रडत होता.

अप्पांची फिल्म लागली. त्या भल्यामोठ्या पडद्यावर अप्पांचं बोट पेटीच्या फळीवर वाजलं आणि हॉलभर घुमलं. एकदा. मग दोनदा. मी खिशातली पेपरमिंटची गोळी तोंडात टाकली. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

माझी दोन वाक्यं कापली होती.

राज्यप्रमुखांनी पदक माझ्या हातात दिलं. हळूच विचारलं, "कसे आहेत ते?" मी म्हटलं, "मजेत आहेत, सर." दुसरं काही सुचलंच नाही. टाळ्या फार वेळ वाजल्या. शाळेतलं सगळं त्या टाळ्यांत धुऊन निघेल असं वाटलं होतं. थोडंफार निघालंही असेल.

१० एप्रिल

थेट दवाखान्यात गेलो. पदक अप्पांच्या छातीवर ठेवलं. ते छताकडे बघत होते. श्वासाबरोबर पदक वर-खाली होत होतं. बोटांनी टक् टक्, आता अगदी हलकं, कान लावला तर ऐकू येईल इतकंच.

डॉक्टर म्हणाले, "आता?" म्हटलं, हो, आता काढू या. मी काही राक्षस नाही. पण वर्तमानपत्राचा फोटोवाला उद्या सकाळी येतोय, अप्पांचा पदकासह फोटो घ्यायला. समारंभात अप्पांचा फोटो कुठे निघाला? निघाला तो माझा. एका दिवसाने काय बिघडतंय. परवा काढू.

डॉक्टर चष्मा पुसत राहिले.

११ एप्रिल

अप्पा गेले.

क्रमाने लिहितो. सकाळी सिस्टरकडून अप्पांची दाढी करून घेतली. फोटोत बांधलेला हात बरा दिसत नाही, म्हणून पट्ट्या मी स्वतः सोडल्या. मनगटाला वळ पडले होते, त्यावर बाही ओढली. बायकोला बसवलं आणि फोटोवाल्याला आणायला खाली गेलो. त्याला गाडी लावायला जागा मिळेना. मग त्याचा दिवा बिघडला. वर यायला वेळ लागला.

वर आलो तर खोली शांत. गळ्यातली नळी अप्पांच्या हातात होती. मुठीत घट्ट. चेहरा असा, की मला क्षणभर वाटलं झोपलेत.

बायको खुर्चीत बसलेली. म्हणाली, "डोळा लागला माझा." हिला दिवसा कधी झोप आलेली मी बघितली नाही, पण दमली असेल बिचारी. मी सिस्टरला विचारलं, मशीन कसं ओरडलं नाही? नळी निघाली की ते आख्खा मजला डोक्यावर घेतं. सिस्टर म्हणाली, दाढी करताना आवाजाचं बटण बंद केलं होतं, चालू करायचं राहून गेलं. मग तिने बायकोकडे बघितलं आणि दोघी अप्पांच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायला लागल्या. पदक खाली पडलं होतं. पलंगाखाली वाकून मीच काढलं.

फोटोवाला दारात उभा होता. घ्यायचा का, म्हणून विचारत होता. मी त्याला हाकलून दिलं.

दुपारी ताई आली, संध्याकाळी सुतारकाका, मावशी आणि ट्रकवाला. मी म्हटलं, परवा करू या, राजधानीहून कुणी येईल, लोकांना कळवायला हवं. मग ताई म्हणाली, "त्याच दिवशी." पहिल्यांदा मी वाद घातला नाही.

पेटी तयार होती. आणली आणि अप्पांना तिच्यात ठेवलं, तर इंचभर कमी नाही की जास्त नाही. मी विचारलं, "काका, माप कधी घेतलंत?"

"घेतलं तेव्हा तू होतास की तिथे," ते म्हणाले.

चार कोपऱ्यांना चार माणसं लागतात. ती तिघंच होती. सुतारकाकांनी चौथ्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिथे जाऊन उभा राहिलो. कुणी बोललं नाही. मावशींनी फळीवर बोट वाजवलं, टक्, आणि आम्ही उचललं. अप्पा फार हलके झाले होते. ट्रकमध्येही कुणी बोललं नाही. मग आम्ही चौघं दफनभूमीत खणून ठेवलेल्या खड्ड्याच्या काठाशी आलो आणि सुतारकाकांची बोटं फळीवर गेली.

टक् टक्.

तो आवाज. तोच. रेडिओच्या शेजारून, पट्टीच्या आतून, पदकाखालून, इतके आठवडे येत होता तोच. मला सांगत होते. रोज सांगत होते. आवाज गेलेला माणूस, त्याच्याकडे एवढा एकच शब्द उरला होता, आणि तो मला माहीत होता. माझ्यासमोरच दाखवला होता त्यांनी, फिल्मवाल्यांना. मी शर्टाची इस्त्री बघत होतो.

तिघांनी आपापला कोपरा खाली नेला. माझा कोपरा वरच राहिला. पेटी तिरकी झाली. सुतारकाकांनी पुन्हा वाजवलं, टक् टक्. मला हात सोडवेनात. मला रडू येत होतं आणि मी धरूनच उभा होतो.

मग सुतारकाका बोलले. पाहुण्यासमोर त्यांना बोलताना कुणी ऐकलेलं नाही, मावशी दचकल्या.

"ठेव रे आता," ते म्हणाले. "किती धरून ठेवशील त्याला?"